रियाधचा तो ब्लिट्झ डाव: कार्लसन, इनार्किएव्ह आणि न सोडवलेला शह

अडीच_घर

ब्लिट्झच्या, म्हणजे काही मिनिटांत संपणाऱ्या बुद्धिबळाच्या नियमांवरून वाद पेटला की या डावाचं नाव निघतंच. परवा दुसऱ्या एका धाग्यावरही निघालं आणि तिथे दोघातिघांनी ठामपणे लिहिलं की पंचांनी कार्लसनला वाचवलं. त्या धाग्याचा विषय वेगळा होता, म्हणून हा स्वतंत्र काढतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: शेवटी जो निकाल लागला तो बरोबर होता, आणि समोर कार्लसनच्या जागी कुणीही असता तरी तोच लागायला हवा होता.

ज्यांना प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबर २०१७, सौदी अरेबियातलं रियाध, जागतिक ब्लिट्झ स्पर्धा. एकवीस फेऱ्या, प्रत्येकाला ३ मिनिटं आणि दर चालीला २ सेकंदांची भर. पहिल्याच फेरीत पांढऱ्या सोंगट्या घेऊन तेव्हाचा विश्वविजेता मॅग्नस कार्लसन, समोर रशियाचा अर्नेस्टो इनार्किएव्ह. हा काही कच्चा गडी नव्हे, २०१६ चा युरोपियन चॅम्पियन आहे.

आता पटाकडे बघा. कार्लसनच्या हत्तीने बी७ या घरावर मारलं आणि काळ्या राजाला शह बसला. इनार्किएव्हने तो शह सोडवलाच नाही. त्याने घोडा उचलून ई३ वर ठेवला, उलट पांढऱ्याच राजाला शह दिला आणि घड्याळ दाबलं. म्हणजे या क्षणी पटावर दोन्ही राजे शहात! कार्लसनने काय केलं? शह दिसला, राजा उचलला, डी३ वर ठेवला. तेवढ्यात इनार्किएव्हने घड्याळ थांबवून पंचांना बोलावलं आणि दावा केला की कार्लसनची चाल इल्लीगल (नियमबाह्य) आहे, डाव माझा.

तिथल्या पंचांनी हे मान्य केलं आणि गुण इनार्किएव्हला दिला. कार्लसन आधी गोंधळून उठून गेला, मग परत येऊन त्याने हरकत घेतली. प्रकरण मुख्य पंच ताकिस निकोलोपुलोस यांच्याकडे गेलं. त्यांचं म्हणणं असं की कार्लसनची चाल नियमात बसते, तेव्हा आहे त्या स्थितीतून डाव पुढे खेळा. इनार्किएव्हने खेळायला नकार दिला, म्हणून त्याची हार धरली. त्याचं अपीलही फेटाळलं गेलं.

माझ्या दृष्टीने गाभ्याचा मुद्दा एकच. शह न सोडवता चाल करणं ही पहिली चूक इनार्किएव्हची. कार्लसनला त्यावर दाद मागता आली असती, त्याने ती मागितली नाही. तो हक्क त्याने गमावला, हे कबूल. पण त्याने हक्क गमावला म्हणून मूळ चूक करणाऱ्याच्या पदरात आख्खा गुण पडतो का? तुमची मतं लिहा.

---

एफ४

धागा काढलात ते बरं केलंत. पण इनार्किएव्हची बाजू इतक्या झटकन निकालात काढू नका.

रॅपिड (ब्लिट्झहून थोडे मोठे डाव) आणि ब्लिट्झमध्ये प्रतिस्पर्ध्याने इल्लीगल चाल केली आणि तुम्ही तक्रार न करता तुमची चाल करून टाकली, की ती इल्लीगल चाल कायम होते. नियमातच तसं आहे. म्हणजे कार्लसनने डी३ खेळल्याक्षणी ई३ वरचा घोडा अधिकृत झाला. मग मुख्य पंचांनी कार्लसनला नेमकी कसली दाद दिली? त्याने तर वेळेवर काही मागितलंच नव्हतं. ३ मिनिटांच्या डावात सावध राहणं हा खेळाचाच भाग आहे, झोपलेल्याला उठवायला पंच ठेवलेले नसतात.

---

अडीच_घर

@एफ४, घोडा अधिकृत झाला इथपर्यंत शंभर टक्के सहमत. पण तुमच्याच तर्काने एक पाऊल पुढे या. घोडा ई३ वर अधिकृत झाला म्हणजे पांढऱ्या राजाला बसलेला शहही अधिकृत झाला. त्या शहातून राजा बाहेर काढला तर ती चाल इल्लीगल कशी? मुख्य पंचांनी कार्लसनला जादा मिनिट दिलं नाही, इनार्किएव्हला दंड केला नाही, स्थिती मागेही नेली नाही. फक्त सांगितलं की पुढे खेळा. उशिरा मागितलेली दाद दिली असती तर यातलं काहीतरी दिलं असतं.

---

सांगलीकर_पंच

जिल्हा आणि राज्य पातळीवर पंच म्हणून काम करतो, त्यामुळे हा डाव आमच्या लोकांत किती चघळला गेला ते सांगायला नको. नियम नीट मांडून ठेवतो, मग वाद घालायला सोपं जाईल. हे आजचे नियम आहेत.

इल्लीगल चाल पूर्ण कधी होते? चाल करून घड्याळ दाबलं की. घड्याळ दाबायच्या आधी लक्षात आलं तर खेळाडू ती मागे घेऊन दुसरी नियमातली चाल करू शकतो, पण हात लावलेल्या सोंगटीचा नियम लागूच राहतो.

घड्याळ दाबलं गेलं की समोरच्याला दाद मागता येते, पण स्वतःची चाल करायच्या आत. पंचाच्या नजरेला पडलं तर पंचानेही हस्तक्षेप करायचा, त्यालाही तीच मुदत. ब्लिट्झमध्ये पहिल्या वेळी प्रतिस्पर्ध्याला एक मिनिट जादा मिळतं, त्याच खेळाडूने दुसऱ्यांदा केलं तर डाव गेला. (मोठ्या वेळेच्या डावात हेच दोन मिनिटं.) कुणीच काही बोललं नाही आणि पुढची चाल झाली, की विषय संपला. मग दोन्ही खेळाडू आपसात राजी झाले तरच दुरुस्ती.

आता या डावाला चपखल बसणारं एक कलम आहे, त्याचा उल्लेख लोक क्वचितच करतात. दोन्ही राजे एकाच वेळी शहात आहेत असं पंचाला दिसलं, तर त्याने पुढची चाल पूर्ण होईपर्यंत थांबायचं. त्यानंतरही पटावर नियमबाह्य स्थिती राहिली, तर डाव बरोबरीत सोडवायचा. प्यादं शेवटच्या पट्टीवर जाऊन प्याद्याच्याच रूपात उभं असेल तरीही हेच.

हे रियाधच्या पटावर लावून बघा. घोडा ई३ वर आला तेव्हा दोन्ही राजे शहात होते. पुढची चाल झाली, राजा डी३. आता पांढरा राजा शहाबाहेर, काळा राजा शहात आणि चाल काळ्याची. ही स्थिती कुठल्याही डावात दर पाच मिनिटांनी दिसते. म्हणजे बरोबरी द्यायलाही जागा नाही आणि इनार्किएव्हला गुण द्यायला तर नाहीच. त्याला एकच गोष्ट करायची होती, हत्तीचा शह सोडवणारी चाल.

---

कोथरूडकर

पंचसाहेब, कलमं समजली, आभार. पण माझा प्रश्न कलमांचा नाही.

पहिल्या टेबलावर कार्लसन होता म्हणून हे प्रकरण मुख्य पंचांपर्यंत गेलं. कॅमेरे त्याच्यावर, प्रक्षेपण त्याचं. हेच ऐंशीव्या टेबलावर कुठल्यातरी अनोळखी इंटरनॅशनल मास्टरच्या बाबतीत झालं असतं, तर टेबलावरच्या पंचांनी दिलेली हार घेऊन तो गुमान पुढच्या फेरीला गेला असता. पुढची पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार ती जोडी) लागायला कितीसा वेळ असतो? आमच्या पुण्यातल्या स्पर्धांतही हे बघितलंय. ज्याचं नाव मोठं किंवा ज्याचे पालक आवाज चढवतात, त्याचं ऐकून घेतलं जातं.

---

न्यूजर्सीकर

कोथरूडकरांना +१. २०२४ चं न्यूयॉर्क आठवा. मी तेव्हा प्रक्षेपण सलग पाहत होतो.

रॅपिड स्पर्धेत कार्लसन जीन्स घालून आला. २०० डॉलर दंड झाला, कपडे बदलायला नकार दिला म्हणून त्याला पुढच्या फेरीत पेअरिंग मिळालं नाही, आणि त्याने स्पर्धा सोडली. दोन दिवसांत फिडेने (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने) पोशाखाचा नियम सैल केला आणि तो जीन्स घालूनच ब्लिट्झ खेळला. मग ब्लिट्झच्या अंतिम लढतीत तो आणि इयान नेपोम्नियाशी हे दोघे २–२ वर आले, त्यानंतर निकाल लागेपर्यंत खेळायचं होतं. तीन डाव बरोबरीत गेल्यावर कार्लसनने सुचवलं की विजेतेपद वाटून घेऊ, आणि फिडेने मान डोलावली! आजवर जागतिक ब्लिट्झचं विजेतेपद असं कधी वाटलं गेलं नव्हतं.

रियाधचा निकाल अगदी नियमात असेल. पण ज्याच्यासाठी नियम वाकतात त्याच्या बाजूने नियम लागला, तर लोकांना शंका येणारच.

---

अडीच_घर

@न्यूजर्सीकर, न्यूयॉर्कबद्दल तुमच्याइतकाच माझाही राग आहे. स्पर्धा चालू असताना नियम बदलणं मला पटलेलं नाही, विजेतेपद वाटून देणं तर त्याहून नाही. त्या दोघांनी आणखी डाव खेळायला हवे होते, मध्यरात्र झाली असती तरी.

पण या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. न्यूयॉर्कमध्ये छापील नियम होता आणि तो बाजूला ठेवला गेला. रियाधमध्ये टेबलावरचा निकाल नियमाला सोडून होता आणि वरच्या पंचांनी तो नियमावर आणला. आणि डाव पुढे खेळा या निर्णयात कार्लसनला फुकट काहीच मिळत नव्हतं. इनार्किएव्ह बसून खेळला असता तर जिंकायची संधी त्यालाही होती. गुण गेला तो त्याच्या नकारामुळे.

@कोथरूडकर, खालच्या टेबलांबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र खरं आहे आणि मला ते जास्त बोचतं. यावर पंचांनीच बोलावं.

---

सांगलीकर_पंच

बोलतो. जागतिक स्पर्धेतही ब्लिट्झला प्रत्येक टेबलाला एक पंच बसवणं शक्य नसतं. आपल्याकडे तर एका पंचाकडे पंधरा-वीस टेबलं येतात. शेवटच्या मिनिटात सगळीकडे एकदम धुमश्चक्री सुरू होते. मी एका टेबलाशी वाकलेलो असताना मागे काय झालं ते मला दिसत नाही. चाली लिहिण्याचं बंधन ब्लिट्झमध्ये नाही, त्यामुळे हातात कागद नसतो. दोन मुलं दोन गोष्टी सांगतात, आणि बहुतेक वेळा दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात.

म्हणून मी मुलांना एकच सांगत आलोय. काही खटकलं तर आधी घड्याळ थांबवा, मग हात वर करा, मग बोला. पटाला हात लावू नका. पट जसाच्या तसा असेल तर पंचाला निम्मी गोष्ट पटावरूनच कळते. आणि निकाल पटला नाही तर मुख्य पंचाकडे जायचा हक्क शेवटच्या टेबलावरच्या पोरालाही आहे, फक्त तो लगेच वापरायचा. सही करून, हात मिळवून, बाहेर आईवडिलांना सांगून मग परत आलं की उशीर झालेला असतो.

---

ठाणेकर_आई

मी खेळत नाही, मुलगा खेळतो. नऊ वर्षांखालील गटात. हा धागा वाचून विचारावंसं वाटलं.

एका ब्लिट्झ स्पर्धेत समोरच्या मुलाने शह तसाच ठेवून दुसरीच चाल केली आणि घड्याळ दाबलं. माझ्या मुलाने वजिराने सरळ त्याचा राजा उचलला, घड्याळ दाबलं आणि ‘जिंकलो’ म्हणून ओरडला. सोसायटीत मुलं तसंच खेळतात, राजा मारला की खेळ खलास. पंचांनी त्यालाच हरवलं. त्या दिवशी तो इतका रडला की पुढची फेरी खेळायला तयार नव्हता. चूक कुणाची होती हे मला अजून कळलेलं नाही. कुणी समजावून सांगेल का?

---

सांगलीकर_पंच

ताई, राजा मारणं ही चाल फिडेच्या नियमात नाहीच. राजा शहमात होतो, पटावरून उचलला जात नाही. त्यामुळे तुमच्या मुलाची चालही इल्लीगल धरली जाणार, हे बरोबर. पण ती त्याची पहिलीच असेल, तर समोरच्याला एक मिनिट जादा देऊन डाव पुढे न्यायला हवा होता. पहिल्याच चुकीला थेट हार, हे आजच्या नियमात बसत नाही. २०१४ च्या नियमांत रॅपिड-ब्लिट्झला एका इल्लीगल चालीत डाव जायचा, आणि काही ठिकाणी ती जुनी सवय अजून सुटलेली नाही.

त्याने काय करायला हवं होतं? वजिराला हात न लावता घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा, पंचांना सांगायचं की याने शह सोडवलेला नाही. मग त्याला मिनिट मिळालं असतं, समोरच्याची चाल मागे गेली असती आणि त्याला शह सोडवावा लागला असता.

घरी हे तोंडी सांगून उपयोग नाही. पट मांडा, तुम्ही मुद्दाम शहात राहून चाल करा आणि त्याला घड्याळ थांबवायला लावा. हाताला सवय लागली पाहिजे, कारण तीन सेकंद उरलेले असताना डोकं नियम आठवत बसत नाही.

---

जुना_गडी

पंचांनी हाताच्या सवयीचं जे लिहिलंय तिथेच या डावाची मेख आहे. मी काट्याच्या घड्याळावर पाच मिनिटांचे डाव खेळलेला माणूस. तेव्हा भर वगैरे काही नव्हतं, लाल फ्लॅग वर चढत जायचा आणि खाली पडला की संपलं. तिथे शह बसला की हात आपसूक राजाकडे जायचा. हजारो डावांनी घडवलेला हात असतो तो. कार्लसनने राजा डी३ वर नेला तो असा. त्याला आपल्या राजाला बसलेला शह दिसला, समोरच्याचा राजा अजून शहात आहे हे पाहायला सेकंदभर थांबावं लागतं, आणि ब्लिट्झमध्ये तो सेकंद आपण स्वतःला देत नाही. जगातला सगळ्यात बलवान खेळाडू आहे म्हणून हात वेगळा चालत नाही.

आमच्या काळी शह तसाच राहिला तर समोरचा राजा उचलून ठेवायचा आणि डाव संपायचा. ठाणेकर ताईंच्या मुलाने केलं तेच. ती पद्धत क्लबात ठीक होती, पंच असलेल्या स्पर्धेत चालत नाही.

थोडं अवांतर, पण ब्लिट्झचा विषय आहे आणि माजी विश्वविजेत्या बॉबी फिशरचं नाव निघालं नाही तर बरं वाटत नाही. १९७० साली युगोस्लाव्हियात हर्सेग नोव्हीला ब्लिट्झ स्पर्धा झाली होती. ताल, पेट्रोशियन, स्मिस्लोव्ह असे तीन माजी विश्वविजेते तिथे होते. फिशरने २२ पैकी १९ गुण केले. दुसरा आलेला ताल १४.५ वर! फरक साडेचार गुणांचा. आणि गंमत बघा, आज आपण जी भर मिळणारी घड्याळं वापरतो, त्यांचं पेटंटही पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस फिशरनेच घेतलं. १९९२ मध्ये स्पास्कीशी परत खेळला तेव्हा तेच घड्याळ वापरलं होतं. जिंकलेला डाव केवळ सोंगट्या हलवायला वेळ नाही म्हणून हातचा जाऊ नये, हा त्यामागचा विचार. ब्लिट्झमध्ये तो मनुष्य असा धुमाकूळ घालायचा, आणि तरीही घड्याळाने पटावर कुरघोडी करू नये असं त्यालाच वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे.

---

एफ४

जुना_गडी काका, सुंदर प्रतिसाद. हर्सेग नोव्हीचा तक्ता मी पाहिलाय, पेट्रोशियनला फिशरने दोन्ही डावांत हरवलं होतं.

मूळ विषयाकडे येतो. पंचांचं दोन्ही राजांचं कलम वाचल्यावर माझा आक्षेप आता फक्त एवढाच उरतो: टेबलावरच्या पंचांनी पहिला निर्णय इतका उलटा कसा दिला? जागतिक स्पर्धेतला पंच आहे तो.

---

सांगलीकर_पंच

त्या पंचांच्या मनात काय होतं ते मी कसं सांगू? पण असा दावा आपल्यासमोर आला की काय होतं ते सांगतो. एक खेळाडू पूर्ण आत्मविश्वासाने घड्याळ थांबवतो आणि सांगतो की याने इल्लीगल चाल केली. तुम्ही पट बघता. पटावर खरंच काहीतरी विचित्र दिसतं, कारण एक राजा शहात आहे आणि असायला नको अशी घडण आहे. शेवटची चाल कुणाची? समोरच्याची. मग चूक त्याची, असा पटकन निष्कर्ष निघतो. खरी चूक एक चाल मागे घडलेली असते आणि ती करणाराच समोर उभा राहून दावा करत असतो. यावर उपाय एकच, निकाल द्यायच्या आधी दोघांकडून मागच्या दोन-तीन चाली पटावर परत करून घ्यायच्या. मी आता ते प्रत्येक वेळी करतो, समोर कितीही घाई असली तरी.

---

विदर्भी

सगळं वाचलं, भारी चर्चा. पण रियाध म्हटलं की मला आधी विश्वनाथन आनंद आठवतो, आणि इथे कुणी त्याचं नावही काढलं नाही म्हणून लिहितो.

त्याच स्पर्धेत ४८ वर्षांच्या आनंदने रॅपिडचं विश्वविजेतेपद जिंकलं होतं, आणि लगेच ब्लिट्झमध्ये तिसरा आला. रॅपिडमध्ये त्याने कार्लसनलाही हरवलं होतं. त्या वयात, त्या वेगाला! आपल्या पोरांना ब्लिट्झचा वाद जेवढा माहीत आहे तेवढे आनंदचे ते दोन पराक्रम माहीत असायला पाहिजेत.

आणि नागपूरवरून लिहितोय म्हटल्यावर दिव्या देशमुखचं नाव आलंच पाहिजे. २०२५ च्या जूनमध्ये लंडनला जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत उपांत्य लढतीत तिने होऊ यिफानला हरवलं. महिलांमध्ये रेटिंगने जगात पहिली असलेली खेळाडू! महिन्याभरात बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हंपीविरुद्ध मोठ्या वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत गेले, निकाल रॅपिडमध्ये लागला. तिथे घड्याळ खाली येत असताना दिव्याचा हात स्थिर राहिला. पूर्वी लोक म्हणायचे ब्लिट्झने पोरांचा खेळ बिघडतो. आता विश्वचषकच टायब्रेकवर (बरोबरी फोडणाऱ्या जादा डावांवर) ठरतो, जास्त लांबला तर थेट ब्लिट्झपर्यंत जातो. म्हणून मुलांना ब्लिट्झ खेळू द्या, फक्त नियमांसकट शिकवा.

---

न्यूजर्सीकर

विदर्भी, आनंदची आठवण काढलीत, बरं वाटलं.

मला त्याच न्यूयॉर्कच्या ब्लिट्झमधली एक गोष्ट सांगायची आहे, जीन्सच्या गदारोळात ती मागे पडली. वासिली इव्हान्चुक. ५५ वर्षांचा, २००७ चा ब्लिट्झ विश्वविजेता, २०१६ चा रॅपिड विश्वविजेता. डॅनिएल नारोडित्स्कीविरुद्ध वेळ संपून हरला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्याला रडू कोसळलं. बाकी टेबलांवर डाव चालूच होते. त्याने पंचांना बोलावलं नाही, कुठला दावा केला नाही. डाव गेला आणि त्याला ते सहन झालं नाही, एवढंच. आयुष्यभर सगळं जिंकून हरून झालेल्या माणसाला एका साध्या फेरीच्या डावाचं इतकं लागावं! आणि समोरचा नारोडित्स्की, ज्याने ब्लिट्झ शिकवण्यात आयुष्य घातलं, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये अवघ्या २९ व्या वर्षी गेला. त्यानंतर ती चित्रफीत मला परत पाहवलेली नाही.

इनार्किएव्हला लोक फार वाईट बोलतात, मुद्दाम केलं म्हणतात. मला ते आवडत नाही. त्याच्या मनात काय होतं हे कुणाला ठाऊक? कदाचित त्याला आपल्या राजाचा शह खरंच दिसला नसेल आणि पुढे दावा करून बसल्यावर मागे फिरता आलं नसेल. त्याच्या दाव्यावर टीका करा, माणसावर नको.

---

कोथरूडकर

न्यूजर्सीकर, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत.

एक शंका. तो गुण इनार्किएव्हकडेच राहिला असता तर स्पर्धेचा निकाल बदलला असता का? कार्लसन जिंकला एवढं आठवतं, फरक किती होता?

---

अडीच_घर

कार्लसन २१ पैकी १६. रशियाचा सर्गेई कार्याकिन आणि आनंद दोघेही १४.५, टायब्रेकवर कार्याकिन दुसरा. म्हणजे नुसती वजाबाकी केली तर तो गुण जाऊनही कार्लसन १५ वर राहतो आणि अर्ध्या गुणाने पुढेच असतो.

पण स्विस पद्धतीत (दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावतात ती) अशी वजाबाकी करून भागत नाही. पहिल्या फेरीत हरला असता तर दुसऱ्या फेरीपासून समोरचे खेळाडूच वेगळे आले असते. कदाचित सोपे, कदाचित अवघड. त्यामुळे बदललं असतं किंवा नसतं, दोन्ही ठामपणे म्हणता येणार नाही. एवढं मात्र आहे की पहिला दिवस संपला तेव्हा कार्याकिन पुढे होता आणि कार्लसनने दुसऱ्या दिवशी त्याला गाठून मागे टाकलं. ते सगळं पटावर झालं, तिथे पंचांचा काही संबंध नव्हता. तो दुसरा दिवस वेळ काढून पाहाच. या वादामुळे त्या दिवसाकडे लोकांचं लक्षच जात नाही, याची मला खंत आहे.

---

ठाणेकर_आई

पंचकाका, तुम्ही सांगितलंत तसं पट मांडून करून पाहिलं. मी शहात राहून चाल केली, पहिल्या दोन वेळा त्याने राजाच उचलला, मग घड्याळ थांबवायला लागला. आता तो मलाच प्रश्न विचारतोय. समोरच्याने शहात असताना घोडा हलवला, मी घड्याळ थांबवलं, पंचांनी चाल मागे घेतली. मग त्याने घोडाच हलवायचा की काहीही हलवलं तरी चालेल?

---

सांगलीकर_पंच

ताई, त्याला सांगा की प्रश्न अगदी नेमका विचारलास. हात घोड्याला लागलाय, म्हणून घोडा मध्ये घालून शह अडवता येत असेल, किंवा शह देणारी सोंगटी घोड्याने मारता येत असेल, तर घोडाच हलवावा लागतो, मग त्यात वजीर फुकट जात असला तरी. घोड्याने शह सुटतच नसेल तर तो मोकळा, नियमातली कुठलीही चाल करू शकतो.

आणि पुढच्या स्पर्धेला जाल तेव्हा पहिल्या फेरीआधी पंच सूचना सांगतात, तेव्हा उभं राहून विचारा की पहिल्या इल्लीगल चालीला मिनिट आहे की हार. ते सगळ्यांसमोर उत्तर देतील आणि मग दिवसभर तेच लागू राहील.